डोंबिवलीचा नाकारलेला दावा

माजिवडा नाक्याला उड्डाणपुलाला इतकी खेटून एक इमारत आहे की चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पुलावरच्या बसमधली माणसं ओळखता येतात. त्या मजल्यावर सम्यक कामाला होता. कंपनी दोन खोल्यांची. मालक सुशांत आधी एका मोठ्या आयटी कंपनीत होता, ती नोकरी सोडून त्याने हे दुकान थाटलं होतं. बारीकसारीक कामं पुष्कळ यायची, पण सगळ्यांची चूल पेटायची ती एका रक्तपेढीच्या जिवावर.

पेढीची मुख्य जागा ठाण्यात, आणि कल्याण-डोंबिवलीला तिची साठवणुकीची केंद्रं. फ्रिजमधली कुठली पिशवी कोणत्या गटाची, ती कुठे ठेवलीय, कोणत्या पेशंटच्या रक्ताशी जुळवून पाहिलीय, या सगळ्या नोंदी सुशांतच्या ऑफिसात मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर असत. केंद्रांतल्या कॉम्प्युटरवर कंपनीचा एक प्रोग्राम होता. दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच कॉम्प्युटरमध्ये आहे असं तो भासवायचा. डोंबिवलीत कुणी एखाद्या पिशवीची नोंद उघडली की तिच्यावर डोंबिवलीचं कुलूप पडे. ते सुटेपर्यंत कल्याणला त्या नोंदीत एक अक्षर लिहिता येत नसे.

भानगड व्हायची ती सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला की. कुठलं कुलूप कुणाचं होतं हे उठलेल्या सर्व्हरला आठवत नाही. म्हणून तो थोडा वेळ नवीन कुणाला आत घेत नाही, आणि केंद्रांना विचारतो, तुमच्याकडे काय काय होतं ते सांगा. त्या वेळात जो दावा सांगेल त्याला त्याचं कुलूप परत मिळतं. वेळ टळली की दार सगळ्यांना मोकळं, आणि उशिरा आलेल्या दाव्याला सर्व्हर नकार देतो. कारण मधल्या काळात ती नोंद दुसऱ्या कुणी उघडून बदललेली असू शकते.

सम्यकच्या आधी ज्यांनी हा प्रोग्राम लिहिला होता त्यांनी त्या नकाराचं काहीच केलं नव्हतं. नकार यायचा, प्रोग्राम तो गिळायचा आणि कुलूप आपल्याच हातात आहे अशा थाटात लिहीत राहायचा. त्याचं फळ एकदा मिळालं. कल्याण आणि ठाणे दोघंही एकाच पिशवीच्या नोंदीत लिहीत राहिले, आणि एका पेशंटच्या तपासणीखाली दुसऱ्याचं नाव छापलेलं लेबल निघालं. वॉर्डातल्या नर्सने सुई लावण्याआधी पेशंटला नाव विचारलं, म्हणून तो माणूस आज आहे. पेढीने त्यानंतर नियम कडक केला. हाताने लिहिलेली लेबलं बंद. कॉम्प्युटरने छापलेल्या लेबलाशिवाय एकही पिशवी खिडकीबाहेर जाणार नाही. आणि प्रोग्राम दुरुस्त करायचं काम सम्यककडे आलं.

सम्यक कल्याण पूर्वेचा. घरी तो आणि त्याचे वडील, आबा. आबा महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते, आता रिटायर. पोरगा मन लावून काम करणारा होता. त्याने तो सगळा भाग पुन्हा लिहिला. नकार आला की नोंद जागच्या जागी बंद. तिच्यात लिहिण्यासाठी वाट बघत असलेलं सगळं टाकून द्यायचं, आणि स्क्रीनवर स्पष्ट एरर दाखवायची. माहीत नसताना माहीत असल्यासारखं वागायचं नाही, एवढं एक त्याने पक्कं धरलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मे महिन्यातली दुपार. नाक्यावरची लाइट सकाळपासून येऊन-जाऊन होती. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, बदलायच्या बदलायच्या म्हणून राहून गेल्या होत्या. सर्व्हर बसला. सम्यकने तो उठवला आणि स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसला. ठाण्याचे दावे आले, मंजूर झाले. कल्याणचे आले, मंजूर झाले. डोंबिवलीची इंटरनेटची लाइन रस्त्याच्या खोदकामामुळे आठवडाभर लंगडत होती, ती उशिरा जोडली गेली. तिचा एकच दावा होता, एका पिशवीचा. नाकारला. नोंद बंद.

सम्यकला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच बरं वाटलं. मेहनत करून लिहिलेलं पहिल्यांदाच खऱ्या प्रसंगी चाललेलं तो बघत होता.

"सुशांत, हे बघ ना. आधीचा असता तर गपचूप लिहीत बसला असता."

"भारी," सुशांत खांद्यावरून वाकून म्हणाला. "पेढीच्या मीटिंगला हे सांगू आपण."

तेवढ्यात शेजारी साकेतचा फोन वाजला. केंद्रांतून येणारे फोन साकेत घ्यायचा. त्याच्यासमोर दुसरंच काहीतरी अडकलं होतं. मान न वळवता तो म्हणाला, "हां मॅडम, लाइट गेलेली इकडे. रिस्टार्ट करून बघा ना एकदा. होऊन जाईल." आणि फोन ठेवला. सम्यकने ते ऐकलं. ऐकलं आणि परत स्क्रीनकडे बघू लागला.

डोंबिवलीत काय झालं ते त्याला चार दिवसांनी कळलं, तेही मायाच्या तोंडून. माया म्हणजे त्या केंद्रातली टेक्निशियन, चाळिशीची, पंधरा-सोळा वर्षं हेच काम करणारी. पेढीने चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलंय, एवढंच ऑफिसात त्याच्या कानावर आलं होतं. सम्यक ठाकुर्लीला तिच्या घरी गेला तेव्हा तिने आधी दार उघडायलाच वेळ लावला.

"तुम्ही कंपनीतले ना, सर? मला कुणाशी बोलू नका म्हणून सांगितलंय."

"मला कुणी पाठवलं नाही, ताई. माझा मीच आलोय."

तिने त्याला आत घेतलं. पाणी दिलं. मग बोलत गेली, मध्ये थांबत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

जवळच्या नर्सिंग होममध्ये एक बाई बाळंत झाली होती. मृणाल नाव. मुलगी झाली, आणि नंतर रक्त थांबेना. गट बी निगेटिव्ह. डोंबिवलीच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एक पिशवी होती. नवरा थर्माकोलचा डबा आणि रक्ताचा नमुना घेऊन स्वतः खिडकीशी आला. मायाने नोंद उघडली, रक्त जुळवून पाहिलं. जुळलं. निकाल टाइप केला, लेबल छापायला दिलं आणि स्क्रीन अडकली. थोड्या वेळाने त्यावर लाल चौकट आली.

"इंग्लिशमध्ये होतं. स्टेट रिकव्हरी फेल्ड, असं काहीतरी. खाली एरर. मला इंग्लिश येतं हो, सर. पण एरर कुणाची? मला वाटलं माझीच. काहीतरी चुकीचं दाबलं असेल."

"मग तुम्ही फोन केलात."

"केला. त्यांनी सांगितलं रिस्टार्ट करा. केलं. परत चालू झालं तर माझा निकाल गेलेला. सगळी तपासणी पहिल्यापासून करायला लागली. कॉम्प्युटरमध्ये निकाल नाही तर लेबल नाही, लेबल नाही तर पिशवी नाही." तिने तळहात पुढे धरला. "पिशवी माझ्या हातात होती, सर. जुळलेली. ते बाहेरून विचारत होते, ताई, झालं का. मी म्हणत होते, होतंय, दादा. दोनदा म्हटलं, होतंय. नंतर त्यांना नर्सिंग होममधून फोन आला. ते डबा तिथेच खिडकीवर ठेवून पळत गेले."

लाल चौकटीतली ती वाक्यं सम्यकनेच लिहिली होती. लिहिताना डोळ्यासमोर कुणी टेक्निशियन नव्हती. आपणच उद्या कधी काही शोधायला बसलो तर आपल्याला समजावं, म्हणून लिहिलेलं होतं ते.

"हाताने लेबल लिहून दिलं असतं तर?" त्याने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"ते बंद केलंय ना आता," माया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्याने सर्व्हरवर एकच गोष्ट पाहिली. डोंबिवलीचं कुलूप गेलं तेव्हापासून पुढे ती नोंद दुसऱ्या कुणी उघडली होती का? नव्हती. कुणी तिला हातही लावला नव्हता. नकार आला तो फक्त उशीर झाला म्हणून. जुना प्रोग्राम असता तर त्याने नकार गिळला असता, लेबल छापलं असतं, आणि ते लेबल बरोबर निघालं असतं. प्रोग्रामला हे कळणं शक्य नव्हतं, हे सम्यकला पाठ होतं. तो मनातल्या मनात तेच पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि दर वेळी ते थोडं पोकळ होत चाललं होतं. आधीचा घोटाळा झाला तेव्हा वाचलेला माणूस कोण, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आपल्या दुरुस्तीने पुढे कोण वाचणार, त्याला तर नावही नव्हतं. जी गेली तिला नाव होतं.

संध्याकाळी सुशांतने त्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"परवा चौकशी आहे. आपलं म्हणणं एकच. प्रोग्राम बरोबर चालला. बाई घाबरल्या आणि न विचारता मशिन रिस्टार्ट केलं."

"न विचारता नाही. साकेतला फोन केलेला त्यांनी."

"साकेत म्हणतो, मी थांबा बोललेलो."

"तो रिस्टार्ट करा बोलला. मी बाजूलाच बसलेलो, सुशांत."

सुशांतने चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षी आबांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्रभर बसला होता. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "पेढी गेली तर ही दोन खोल्यांची कंपनी गेली. त्या बाईंना काय, दुसरीकडे काम मिळेल. टेक्निशियन कुणाला नको असतात? तू परवा येऊच नकोस. मी बघतो."

सम्यक घरी गेला. आबांनी वाढलं. जेवताना त्याने सगळं सांगितलं. शेवटी आबा एवढंच म्हणाले, "ती मुलगी कुणाकडे आहे आता? बाळ?" सम्यकला ते माहीत नव्हतं.

चौकशीला तो गेला. ठाण्यात पेढीच्या मुख्य इमारतीत वरच्या मजल्यावर बैठक होती. अध्यक्ष डॉक्टर सुधीर, सत्तरीचे, शब्द निवडून बोलणारे. एका बाजूला माया, समोर सुशांत आणि साकेत. सम्यकला बघून सुशांतचा चेहरा उतरला.

सम्यकने जे ऐकलं होतं ते सांगितलं. साकेत टेबलाकडे बघत राहिला. त्याने नाकारलंही नाही.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. "पण यंत्रणेविषयी मला नीट समजू द्या. आपला प्रोग्राम थांबला, तो योग्य कारणाने थांबला. बरोबर?"

"हो, सर. नोंद दुसऱ्या कुणी घेतली आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं. माहीत नसताना त्याने लेबल छापायला नको होतं."

"मग आपली चूक कुठे आहे?"

"थांबल्यावर ताईंनी काय करायचं, ते मी लिहिलंच नाही. एक ओळ पुरली असती, की रिस्टार्ट करू नका, ठाण्याला फोन करून नोंद मोकळी आहे का विचारा. आणि त्यांनी टाइप केलेला निकाल मी टाकून दिला. तो बाजूला जपून ठेवता आला असता. तपासणी पुन्हा करायची वेळच आली नसती. मी नोंदीचा विचार केला, सर. खिडकीवर कुणी उभं असेल असा केला नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आणि हाताने लेबल लिहायला बंदी केली ती आम्ही," ते म्हणाले. इतिवृत्तात हे वाक्य शेवटी आलंच नाही, असं मायाने नंतर सांगितलं.

बाहेर पॅसेजमध्ये बाकावर एक माणूस बसला होता. शेजारी एक म्हातारी, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. सम्यकने आधी कधी पाहिलं नव्हतं, पण कोण ते लगेच कळलं. तो तसाच पुढे जाऊ शकला असता. माणूस उठून समोर आला.

"तुम्ही कॉम्प्युटरवाले का? मी महेंद्र. मृणालचा नवरा."

"हो."

"मला आत सगळे सांगतात, तांत्रिक कारण. मला एकच सांगा. पिशवी तिथे होती का?"

"होती."

"तिचीच? जुळलेली?"

"हो. जुळलेली होती."

"मग का नाही दिली?"

सम्यकने सांगितलं. कुलूप, सर्व्हर, उशिरा आलेला दावा, सगळं साध्या शब्दांत. दुसऱ्या कुणी ती नोंद घेतलेली असती तर चुकीचं रक्त जाऊ शकलं असतं, हेही सांगितलं. महेंद्र एस्टीच्या कल्याण डेपोत मेकॅनिक होता, यंत्राचं बोलणं त्याला समजत होतं. तो मान हलवत ऐकत होता.

"घेतली होती का कुणी?"

आता हो म्हटलं असतं तर त्या माणसाला थोडा तरी अर्थ लागला असता. सम्यकच्या ओठांवर ते येऊन गेलं.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच घेतली नव्हती."

म्हातारीने, ती महेंद्रची आई गंगुबाई, बाकावरूनच विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

"काही नाही, आये. चल." मग तो सम्यकला म्हणाला, "खरं सांगितलंत. पण पुन्हा माझ्यासमोर येऊ नका, साहेब. मला झेपणार नाही."

ती तिघं जिन्याने खाली गेली. बाळाचं नाव सान्वी ठेवलंय, हे सम्यकला गंगुबाईच्या बोलण्यातून कळलं. जिन्यात ती रडणाऱ्या बाळाला त्या नावाने गप्प करत होती.

चौकशीचा निकाल असा लागला. मायाला परत घेतलं, पण लेखी समज देऊन, आणि बदली केली कल्याणला. सुशांतचं काम राहिलं, एका अटीवर. यापुढे प्रोग्राममुळे पिशवी अडता कामा नये. सम्यकने तोवर नवीन भाग जवळजवळ पुरा केला होता. नकार आला तरी निकाल जपून ठेवणारा, मराठीत काय करायचं ते सांगणारा, नोंद मोकळी असेल तर ठाण्याच्या संमतीने ती पुन्हा उघडून देणारा. तो सुशांतला दाखवायला घेऊन गेला.

"चांगलं आहे," सुशांत म्हणाला. "पण पेढीला आता एररच नकोय. स्क्रीन थांबली की त्यांना ती गेलेली बाई आठवते. जुनं होतं तसं करून टाक."

"नकार गिळायचा परत?"

"तुझं चुकत नाही, सम्यक. पण मी त्यांना शब्द दिलाय."

"मी नाही करणार."

त्याने नाही केलं. साकेतने केलं. फार वेळ लागला नाही, चार-दोन ओळी काढायच्या होत्या. सम्यकने महिनाअखेर नोकरी सोडली आणि वागळे इस्टेटमध्ये एका गोदामांच्या कंपनीत लागला. तिथे काही चुकलं तर फार तर एखादं खोकं चुकीच्या ट्रकमध्ये जात असे.

जाण्याआधी त्याने मायाला फोन केला.

"ताई, प्रोग्राम पुन्हा आधीसारखा केलाय. आता लाल चौकट येणार नाही."

"बरं झालं की."

"नाही, ऐका ना. सर्व्हर बसून उठला आणि तुमची नोंद दुसऱ्याकडे गेली, तरी तुम्हाला काहीच दिसणार नाही. सगळं नीट चाललंय असंच दिसेल."

"मग मला कळणार कसं, सर?"

"नाही कळणार. मध्येच स्क्रीन अडकून सुटली, तर समजायचं. तेव्हा ठाण्याला आणि डोंबिवलीला फोन करून विचारायचं, ही पिशवी तुम्ही उघडलीय का. दोघं नाही म्हणाले तरच लेबल छापायचं."

त्याला वाटलं नव्हतं की ती हे खरंच करेल. दिवाळी झाल्यावर एक दिवस दुपारी तिचा फोन आला. त्या सकाळी स्क्रीन अडकून सुटली होती. खिडकीवर अपघातातल्या एका पेशंटचे नातेवाईक होते, बरेच जण. मायाने छापायला दिलेलं लेबल थांबवलं आणि फोन लावला. डोंबिवलीने लगेच नाही म्हणून सांगितलं. ठाण्याचा फोन लागत नव्हता. ती लावत राहिली. नातेवाइकांना समोर कॉम्प्युटर दिसत होता, तो व्यवस्थित चालू होता, आणि बाई नुसती फोन कानाला लावून उभी होती. एकाने काचेवर हात आपटले. एकाने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. शेवटी ठाण्याने फोन उचलला. नोंद कुणीच घेतलेली नव्हती. तिने लेबल छापलं, पिशवी दिली.

"पेशंट?" सम्यकने विचारलं.

"बरा आहे. आयसीयूतून बाहेर काढला म्हणे." ती म्हणाली. "पण त्यांनी तक्रार केलीय. मशिन चालू असताना मी मुद्दाम वेळ काढला म्हणून. शूटिंगही दिलंय. मला उद्या ठाण्याला बोलावलंय, सर. त्यांना मी काय सांगू? स्क्रीनवर तर काहीच नव्हतं."

सम्यक गोदामाच्या फाटकाशी उभा होता. मागे ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याला दोनदा विचारावं लागलं.

"किती वाजता बोलावलंय, ताई? मी येतो."